आधीचा फोटो

आर्डिथ कोल्बने स्वतःच्याच घरासमोरचं लॉन मारायला घेतलं, तो मे महिन्यातला दुसरा मंगळवार होता. सकाळचे दहा वाजले होते. वारा नव्हता, ऊन बेताचं होतं. औषध मारायला याहून चांगला दिवस मागून मिळाला नसता. तिच्या पाठीवर पंप होता, पायांत रबरी बूट होते आणि समोर नवऱ्याने बावीस वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं गवत. नवरा आत बसला होता. व्यायाम करून घेणारी बाई त्याच्यासमोर लाकडी ठोकळे मांडत होती आणि तो उजव्या हाताने त्यातला एक उचलायचा प्रयत्न करत होता.

दहाच मिनिटांपूर्वी आर्डिथने रस्त्याच्या कडेला उभं राहून फोटो काढला होता. गवत काय दिसत होतं! आदल्या दिवशीच कापलेलं, एक पट्टा गडद, एक फिका, गालिचा अंथरल्यासारखं. हा झाला ‘नंतर’चा फोटो. आता ‘आधी’चा तयार करायचा होता.

हे उलटं काम तिच्यावर आलं ते एका राखाडी चौकोनामुळे.

फॉक्स रन ही गावाबाहेरची बासष्ट घरांची सोसायटी. तिथलं सगळं गवत नऊ वर्षं रोली कोल्ब सांभाळत होता. कागदबिगद नव्हता. दर मार्चमध्ये जुना चेअरमन आणि रोली हात मिळवायचे, की वर्षाचं काम पक्कं. जानेवारीत दारातला बर्फ उपसताना रोली फावड्यासकट आडवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नंतर पाच-पंचवीस शब्द परत आले, तेही स्वतःच्या मर्जीने येणारे. मार्चमध्ये सोसायटीवर नवी कमिटी बसली आणि हात मिळवायच्या ऐवजी पत्र आलं. जूनपासूनच्या कामासाठी तीन जणांचे अर्ज घेऊ, अर्जदाराची वेबसाइट असली पाहिजे, कमिटीचे पाच जण ती बघतील आणि मेच्या शेवटच्या गुरुवारी मत देतील.

बाकीची चौदा घरं म्हणजे तोंडी लावणं. फॉक्स रन गेलं की यंत्रं विकायची, ट्रक विकायचा, आणि एप्रिलपासून बोलावण्याची वाट बघत बसलेल्या दोन माणसांना दुसरीकडे जा म्हणायचं. ते सगळं आर्डिथ करू शकली असती. तिला जमणार नव्हतं ते एकच. रोली रोज सकाळी घाम गाळून ते ठोकळे उचलत होता, तो पुन्हा यंत्रावर बसायचं म्हणून. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की बाबा, बरा होऊन जायला आता तुला ठिकाण नाही?

म्हणून एकोणसाठाव्या वर्षी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वेबसाइट करायला बसली. मुलगी जनेल कोलंबसहून फोनवर सांगत होती.

“आई, ‘आमचं ध्येय’ या रकान्यात काय लिहिलंस?”

“गवत कापणे.”

“असं नसतं लिहायचं गं.”

“मग काय लिहू? गवतच कापतो ना आपण?”

“लिही, तुमच्या घराच्या सौंदर्याला नवा बहर...”

“मी गवत कापते, जनेल. सौंदर्याचं त्यांचं ते बघून घेतील.”

तयार साच्यात ‘आमची टीम’ म्हणून हिरव्या टोप्या घातलेली चार तरुण पोरं दात काढून हसत होती. त्यांचा गवताशी काडीचा संबंध नसावा, नखं इतकी स्वच्छ होती. आर्डिथने त्यांना काढून टाकलं आणि यंत्रावर बसलेल्या रोलीचा एक जुना फोटो तिथे लावला. फोन नंबर टाकला, गावांची नावं टाकली. तीन दिवस मान मोडून हे केल्यावर खाली तो चौकोन उरला. पडद्याचे दोन भाग, मधे एक उभी रेघ. रेघ बोटाने सरकवली की डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. उजवीकडे लावायला फोटो हवे तेवढे होते. डावीकडे राखाडी रिकामा चौकोन, त्यात डोंगर आणि सूर्याचं बालवाडीतलं चित्र.

“हा काढून टाक गं,” आर्डिथ म्हणाली.

“आई, हाच तर मुख्य. लोक दुसरं काही वाचत नाहीत. आधीचं बघितल्याशिवाय नंतरच्यावर कोण विश्वास ठेवणार? बाबांच्या फोनमध्ये बघ ना, इतक्या वर्षांत किती लोकांचं वाळलेलं गवत त्यांनी वर आणलं.”

रोलीच्या फोनमध्ये साडेतीनशे फोटो होते आणि सगळे यंत्रांच्या सुट्या भागांवरच्या नंबरांचे. लोकांच्या वाईट लॉनचा एकही नव्हता. तो काढायचाच नाही. कोणाचं गवत रोगाने गेलं, कोणाचं घटस्फोटानंतर कुणी बघितलं नाही म्हणून गेलं, ते त्यांच्या घरातलं. “डॉक्टर काय पेशंटच्या गळवाचा फोटो भिंतीवर लावतो?” असं म्हणायचा. माणूस म्हणून फार थोर. आज त्याच थोरपणाने त्याच्या बायकोला बुडवायला काढलं होतं.

मग ती वाईट लॉन शोधत गावभर फिरली. स्वतःची चौदा आणि फॉक्स रनची बासष्ट, ती तर सगळी ठणठणीत. रस्त्यापलीकडची गेलीन मात्र हक्काची होती. तिच्या अंगणात पिवळी रानफुलं आणि जमिनीला चिकटून पसरणारं तण, गवत औषधालाही नव्हतं. आर्डिथने सरळ विषय काढला.

“गेलीन, तुझं लॉन मला फोटोला हवंय. नंतर सगळं फुकट करून देईन.”

“अगं, काढ की,” गेलीन खूश झाली. “कशासाठी?”

“वेबसाइटवर. ‘आधी’ म्हणून.”

गेलीनला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिने कॉफीचा कप खाली ठेवला. “म्हणजे माझं घर जगाला दाखवायचं, वाईट म्हणून?”

“घर नाही, फक्त गवत.”

“आर्डिथ, रोली आजारी पडला तेव्हा सहा वेळा जेवण आणून दिलं मी. सहा वेळा.”

“माहितीय मला.”

“तेव्हा नाही दिसलं माझं गवत?”

अशी चार घरं झाली. घरात दारू पिणारा नवरा आहे हे माणसं चर्चमध्ये उभं राहून सांगतील, पण आपलं लॉन खराब आहे हे या गावात कोणी कबूल करणार नाही.

त्या संध्याकाळी जनेलने दुसऱ्या अर्जदाराची वेबसाइट दाखवली. पाच राज्यांत कामं घेणारी मोठी कंपनी. ‘आधी’ तपकिरी, ‘नंतर’ हिरवं. दोन्ही फोटोंच्या कोपऱ्यात नारळासारखं एक उंच झाड.

“हे काय आहे?” आर्डिथने चष्मा पुसला. “ओहायोत हे झाड? इथे जानेवारीत माणसं गोठतात.”

“विकतचे फोटो असतात आई. सगळेच लावतात. तूही लाव ना. किंवा आपलाच फोटो घे, मी संगणकावर गवत पिवळं करून देते. दोन मिनिटांचं काम.”

“खोटा फोटो मी लावणार नाही.”

“अगं, कुणाला कळणारे?”

“मला कळेल. गवत असं सगळीकडून एकदम पिवळं होत नाही. आधी टोकं जातात, मग मधून ठिगळं पडतात. रंग मारलेलं गवत मी चालत्या ट्रकमधून ओळखते.”

जनेलने सुस्कारा सोडला. “मग राहू दे चौकोन रिकामा.”

आर्डिथ रात्रभर त्यावर विचार करत राहिली आणि सकाळी उठली ती वेगळाच हिशोब घेऊन. खोटा फोटो लावायचा नाही, तर खरा काढायचा. वाळलेलं गवत खरं, घर खरं, हिरवं गवत खरं. फक्त क्रम तेवढा उलटा, आणि क्रम काही फोटोत दिसत नाही. आयुष्यभर सरळ वागलेल्या माणसाला खोटं बोलायची वेळ आली की असं होतं. सरावलेला चोर दोन मिनिटांत काम उरकतो. हा बिचारा खोट्यातही प्रामाणिकपणा शोधत बसतो आणि स्वतःचंच घर जाळतो.

तिने आठ-नऊ ठिगळं मारली. मुळासकट जाळणारं औषध होतं. पहिले चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी टोकं फिकी पडली. आठव्या दिवशी शेजारचा वेंडेल ऑट कुंपणावर हात टेकून उभा राहिला. काच कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस दिवसातून दोनदा स्वतःचं गवत पायाने चाचपून बघायचा.

“आर्डिथ, तुझ्या कुत्र्याला काय झालंय?”

“माझ्याकडे कुत्रा नाही, वेंडेल.”

“तेच म्हणतोय. मग हे कोण मुतून गेलं?”

“वेंडेल, आपलं काम बघ.”

“माझं कामच हे आहे. वीस वर्षं तुझ्या नवऱ्याच्या लॉनशी बरोबरी करतोय मी. अशी जिंकायची इच्छा नव्हती.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “रोलीने बघितलं का?”

रोलीने बघितलं नव्हतं. त्याची खुर्ची खिडकीशी होती, पण आर्डिथने आठवडाभर पडदा ओढून ठेवला होता. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून.

बाराव्या दिवशी, रविवारी, गवत हवं तसं मेलं. तिने त्याच जागी उभं राहून, तेवढ्याच उंचीवर फोन धरून फोटो काढला. बर्फ ढकलणाऱ्या गाडीने वाकवलेली टपालपेटी दोन्ही फोटोंत एकाच जागी आली. घरात येऊन तिने राखाडी चौकोन भरला. खाली लिहिलं, ‘सहा आठवड्यांत मेलेलं गवत जिवंत.’ रेघ इकडून तिकडे सरकवून पाहिली. झकास दिसत होतं. जनेलचा फोन आला, “आई, कसला भारी झालाय! कुणाचं घर?” आर्डिथ म्हणाली, “आहे एकांचं.” पोटची पोर, पण बापाचं घर ओळखलं नाही तिने. फोटोत घर जेमतेम आलं होतं आणि गवत इतकं बदललं होतं.

ती फोनवर असतानाच बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

रोलीने पडदा बाजूला केला होता. किती वेळ तो बघत होता कोण जाणे. चार पायांची काठी दारात सोडून तो पायरी उतरला होता आणि आता सगळ्यात मोठ्या ठिगळात उजव्या कुशीवर पडला होता. आर्डिथ धावत पोचली तेव्हा तो उठायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हता. डाव्या हातात खिशातला चाकू होता. तो मेलेल्या गवताची कड कापून गालिच्यासारखी उलटी करत होता, आणि खालची माती बोटांनी उकरत होता.

“हुमणी,” तो म्हणाला.

“रोली, उठ. लागलं का कुठे?”

“हुमणी. आर्डी. हुमणी.” गवताची मुळं खाणारी ती पांढरी अळी. बावीस वर्षांत एकदा लागली होती, तेव्हा हा माणूस गुडघ्यांवर बसून मोजत होता. आता माती उकरून उकरून अळी सापडत नव्हती, आणि तो घाबरला होता. रोग दिसला तर उपाय आहे. रोगच दिसत नाही, मग गवत का मेलं? लाळ हनुवटीवर आली होती. त्याने दुसऱ्या ठिगळाकडे सरपटायला सुरुवात केली.

“नाहीये हुमणी,” आर्डिथ म्हणाली. “रोली, थांब. नाहीये. मी केलं हे.”

तो थांबला.

“मी मारलं. औषध घालून. फोटोसाठी.”

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे शाबूत होते त्याचे. शब्द मात्र शोधावा लागायचा, अंधारात किल्ली शोधावी तसा. शेवटी मिळाला.

“का?”

ती तिथेच मातीत बसली. खिशातून फोन काढून तिने वेबसाइट उघडली आणि फोन त्याच्या डाव्या हातात दिला. सोसायटीचं पत्र, कमिटी, मत, सगळं सांगितलं. दोन महिने त्याला यातलं काही कळू दिलं नव्हतं. रोलीने मातीचा अंगठा पडद्यावर ठेवला आणि रेघ पार डावीकडे ढकलली. सगळं हिरवं झालं. अंगठा काढला की रेघ आपोआप मधोमध यायची. त्याने पुन्हा ढकलली. असं सात-आठ वेळा केलं, मग फोन तिला परत दिला आणि तोंड फिरवलं. वेंडेल कुंपणावरून उडी मारून आला. दोघांनी मिळून त्याला उचलून आत नेलं.

बुधवारी दुपारी, मताच्या आदल्या दिवशी, एक निळी गाडी घरासमोर थांबली. पांढरे आखूड केस, गळ्यात चष्म्याची साखळी. बाई गाडीतून उतरून टपालपेटीजवळ उभी राहिली आणि एकदा फोनकडे, एकदा गवताकडे बघू लागली. आर्डिथ गॅरेजमधून बाहेर आली.

“मिसेस कोल्ब? मी मार्जरी फेन्स्के. फॉक्स रनची नवी चेअरमन.”

“ओळखते मी तुम्हाला. शाळेत मुख्याध्यापिका होतात. जनेल तुमच्याकडे होती.”

“आठवतेय जनेल. हुशार मुलगी.” बाईंनी पुन्हा गवताकडे बघितलं. “मी अर्जदारांची घरं बघत फिरतेय. माझे वडील म्हणायचे, केस कापायला जाण्याआधी न्हाव्याचं डोकं बघून घ्यावं. इथे आले आणि वाटलं पत्ता चुकला. मग ही वाकडी टपालपेटी दिसली.” त्यांनी फोन पुढे धरला. “मिसेस कोल्ब, यातलं आधी कोणतं आणि नंतर कोणतं?”

आर्डिथकडे उत्तर तयार होतं. तीन दिवस ते घोकून ठेवलं होतं. एक बुरशी येते, थंड वसंतात, रातोरात पसरते, सगळ्या तालुक्यात आलीय. चांगलं उत्तर होतं, नावासकट. तिने खिडकीकडे पाहिलं. पडदा उघडा होता आणि रोली खुर्चीत बसून तिच्याकडेच बघत होता. काचेतून त्याला ऐकू येणार नव्हतं. पण तिचं तोंड त्याला दिसत होतं.

“हिरवं आधी,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“आधी हिरवं होतं. मग मी मारलं. मग फोटो काढला.”

“तुम्ही स्वतः?”

“तुम्हाला फोटो हवा होता.”

“आम्हाला वेबसाइट हवी होती.”

“वेबसाइटला फोटो हवा होता.” आर्डिथचा आवाज चढला. “आमच्याकडे आधीचा फोटो नाही बाई. माझा नवरा लोकांच्या वाईट लॉनचे फोटो काढत नव्हता. तुमच्या सोसायटीचंही नऊ वर्षांपूर्वी काय होतं ते मला विचारा. त्याचाही काढला नाही. लाज वाटेल तुम्हाला म्हणून.”

“मग हेच लिहायचं होतंत.”

“कुठल्या रकान्यात?”

फेन्स्केबाई वाकड्या टपालपेटीकडे बघू लागल्या.

“आणि त्या दुसऱ्यांच्या फोटोत नारळाचं झाड आहे,” आर्डिथ म्हणाली. “ते नाही दिसलं तुम्हाला?”

बाईंनी चष्मा लावला, फोनवर शोधलं, दोन बोटांनी मोठं केलं. बराच वेळ बघितलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “हे मला दिसलं नव्हतं.”

“मग त्यांच्या घरी का नाही गेलात न्हाव्याचं डोकं बघायला?”

“त्यांचं ऑफिस चार राज्यं पलीकडे आहे.”

“म्हणजे माझं घर जवळ म्हणून मी चोर.”

“मी तसं म्हटलं नाही. पण मला दोन्ही गोष्टी कमिटीला सांगाव्या लागतील, मिसेस कोल्ब. हे आणि ते झाड. दोन्ही सांगेन.” गाडीत बसता बसता त्या थांबल्या. “खरं सांगू? चौकोन रिकामा असता तरी माझं मत तुम्हालाच होतं.”

“तुमचं एक. बाकी चार?”

बाईंनी गाडीचं दार ओढून घेतलं. त्या गेल्या.

आर्डिथने त्याच दुपारी दोन्ही फोटो काढून टाकले. जनेलने फोन करून विचारलं, तर म्हणाली, “ते घर आपलं होतं,” आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी मेल आली. काम मोठ्या कंपनीला. चार विरुद्ध एक. कारणात लिहिलं होतं, ‘सध्याच्या ठेकेदाराच्या स्वतःच्या आवाराची अवस्था समाधानकारक आढळली नाही.’ झाडाचा उल्लेख नव्हता. बाईंनी सांगितलं असणार, त्या सांगणाऱ्यांतल्या होत्या. पण लांबून बोललेलं खोटं कुणाला टोचत नाही. चित्र फक्त सजावटीचं आहे म्हणाले असतील आणि पुढच्या विषयाकडे वळले असतील.

आर्डिथने मेल दोनदा वाचली. मग ती गॅरेजमध्ये गेली आणि दाताळं, बियांचं पोतं आणि झारी घेऊन बाहेर आली. मेलेलं गवत तिने दाताळ्याने ओढायला सुरुवात केली. मुठीमुठीने ते उपटून येत होतं, म्हाताऱ्याच्या केसांसारखं. हात सोलले तरी ती थांबेना. पहिलं ठिगळ उघडं झालं, दुसरं झालं. तिने पोतं फाडलं आणि बी फेकायला लागली, मापाशिवाय, ज्वारी उधळावी तसं.

मागे काठीचा आवाज आला. रोली दारातून निघाला होता, एकटा. पायरीवर त्याला बराच वेळ लागला. आर्डिथने मदतीला हात पुढे केला नाही, तिचे हात बियांनी भरले होते. तो येऊन पोत्याजवळ उभा राहिला आणि डाव्या हाताने त्याने पोत्याचं तोंड आवळून धरलं.

“सोड,” ती म्हणाली.

त्याने सोडलं नाही. “सप्टेंबर.”

ते तिलाही माहीत होतं. जूनच्या तोंडावर टाकलेलं बी उगवतं आणि जुलैच्या उन्हात करपून जातं. वर तण माजतं. बी टाकायचं ते सप्टेंबरात, माती गरम आणि हवा गार असते तेव्हा. शिकाऊ पोरगंही सांगेल.

“सप्टेंबरला काही नसेल रोली,” ती म्हणाली. “फॉक्स रन गेलं. आज सकाळी कळलं. यंत्रं जातील, ट्रक जाईल. तू बरा झालास तरी तुला जायला कुठे नाही. माझ्यामुळे. ऐकतोयस का? मी गवत मारलं आणि मीच घालवलं काम.”

तो ऐकत होता. चेहऱ्याची एक बाजू हलली, दुसरी नाही. तोंड उघडून तो बराच वेळ उभा राहिला. पलीकडे गेलीनच्या अंगणात कुणीतरी पाणी सोडलं होतं.

“सप्टेंबर,” तो पुन्हा म्हणाला.

काही दिवस असे असायचे की एकच शब्द त्याच्या जिभेवर अडकून बसायचा आणि दिवसभर तोच यायचा, भूक लागली तरी तोच आणि थंडी वाजली तरी तोच. हा तसा दिवस होता, की तो काही सांगत होता, हे आर्डिथला समजेना. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं. विचारून उपयोग नव्हता. तिने हातातलं बी पोत्यात परत टाकलं, तोंड सुतळीने बांधलं आणि पोतं उचलून गॅरेजमध्ये नेलं. उंदरांचा हात पोचणार नाही असं वरच्या फळीवर ठेवलं. मग ती त्याला पायरी चढवायला परत आली.